पाचवं सॉकेट, सहावं सॉकेट आणि एक्स्चेंजच्या काकू

एक्स्चेंजच्या काकू कुणाच्याही घरी कॉम्प्युटर बघायला आल्या की आधी चपला काढतात, मग घड्याळ, मग अंगठी. अंगठी रुमालाच्या टोकाला बांधून झाली की विचारतात, "शेवटचा हात कुणाचा लागला?"

या प्रश्नाला आजवर एकाही घराने पहिल्या फटक्यात खरं उत्तर दिलेलं नाही, असं त्या सांगतात. आमच्या घरानेही दिलं नाही.

"कुणाचाच नाही," माझा धाकटा दीर म्हणाला.

"म्हणजे तुमचाच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी उघडली.

काकूंनी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. याची दोरी त्याच्या भोकात घालायची आणि माणसं बोलती करायची. पुढे भिंत गेली, कॉम्प्युटर आले. बाकीच्या जणी ते बघून घाबरल्या. काकूंनी मात्र मागचं झाकण उघडलं आणि आत पाहून म्हणाल्या, "अगं, ही तर आपलीच भोकं, फक्त लहान झालीत!" निवृत्तीनंतर त्या गल्लीतले कॉम्प्युटर दुरुस्त करू लागल्या. आडनाव कुणालाच आठवत नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. माझी नणंद अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. इतिहासाच्या अकरा धड्यांपैकी दहा झाले होते आणि ते सगळे जुन्या हार्ड डिस्कवर होते. सोमवारी मुलांचा पेपर. ती जरा बाहेर गेलेली बघून दिराने कॉम्प्युटर 'पळता' करायला एक नवी, च्युइंगमच्या पट्टीएवढी डिस्क आत बसवली. कॉम्प्युटर पळू लागला, पण जुनी डिस्क दिसेनाशी झाली. दुकानदाराने फोनवरच निदान केलं, "मेली. उघडून बघावी लागेल, तीन आठवडे तरी लागतील."

"दहा धडे पुन्हा वाचायचे म्हटले तर घसा बसेल, पण सोमवारच्या आत धडे बसायचे नाहीत," नणंद म्हणाली. सकाळपासून ती भावाशी एवढं एकच वाक्य बोलली होती, तेही भिंतीकडे बघून.

काकूंनी प्लग काढला, बोटं लोखंडी खिडकीला टेकवून अंगातली वीज उतरवली आणि झाकण उघडलं. स्क्रू ठेवायला त्यांच्याकडे औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी आहे. झाकणाचे स्क्रू सोमवारच्या खणात, डिस्कचे मंगळवारच्या. गोळ्या कुठे ठेवता म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "गोळ्या लक्षात राहतात गं, स्क्रू राहत नाहीत."

आधी त्यांनी जुन्या डिस्कची वायर बदलून पाहिली. काही नाही. मग नवी पट्टी काढून ठेवली आणि कॉम्प्युटर चालू केला. तो धड सुरू झाला नाही, कारण सुरू व्हायचं सगळं सामान दिराने नव्या पट्टीवर हलवलं होतं. पण निळ्या पडद्यावर आतल्या वस्तूंची यादी आली आणि त्या यादीत जुनी डिस्क होती!

नणंद खुर्चीतून उठली. "जिवंत आहे?"

"ठणठणीत." काकूंनी प्लग काढून पट्टी परत बसवली. यादीतून जुनी डिस्क गायब. पुन्हा पट्टी काढली, पुन्हा डिस्क हजर. लपाछपी खेळणाऱ्या पोरांकडे बघावं तशा त्या बघत होत्या. "हा बिघाड नाही. ही भाऊबंदकी आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"पूर्वी एका तारेवर दोन घरं असायची. एका घराने फोन उचलला की दुसऱ्याचा मुका. दुसरं घर तक्रार करायचं, फोन मेला. आम्ही जाऊन बघावं तर फोन धडधाकट! इथेही दोघांची वाट एकच दिसते. पट्टी आली की आतला बोर्ड जुन्या डिस्कची वाट बंद करतो."

"मग शेजारच्यात घाला ना," दीर म्हणाला. जुन्या डिस्कची वायर बोर्डावरच्या पाचव्या सॉकेटमध्ये होती. काकूंनी ती सहाव्यात घातली. काही नाही.

"बघा, डिस्कच गेलीय," दीर पुटपुटला.

"अरे शहाण्या, तू गप्प बस," नणंद म्हणाली. भिंतीला नव्हे, थेट त्याला. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

काकूंनी भिंग काढलं, पण बोर्डावर नुसते आकडे. "याच्याबरोबर पुस्तिका येते. कुठंय?"

सगळ्यांनी कपाटं उपसली. शेवटी मीच शोधली ती. धूळ पुसताना रोज बघत होते, पण ते पुस्तक आहे हे कधी मनातच आलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या टेबलाचा एक पाय आखूड. वाचताना टेबल डुगडुगून माइक कुरकुरू नये म्हणून नणंदेने घडी घालून पायाखाली सरकवलेला कागदाचा जाड गठ्ठा. तीच पुस्तिका!

चौतिसाव्या पानाच्या तळाशी, चांदणीची खूण करून, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: पट्टीची जागा वापरात असताना पाचवं आणि सहावं सॉकेट बंद राहील.

"एका तारेवर दोन नाही, तीन घरं!" काकू चुटकी वाजवून म्हणाल्या. दोन नंबरचं सॉकेट रिकामं होतं, पण वायर पुरेना. डिस्क तिच्या जागेवरून खाली उतरवली तेव्हा कुठे पुरली. चालू केलं. यादीत दोघी, एकाखाली एक.

नणंदेने दहाही फाइली एकेक करून उघडल्या. प्रत्येकीतलं पहिलं वाक्य ऐकलं, मगच पुढची. दहावी उघडल्यावर तिने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "पुन्हा हात लावशील?"

"विचारून लावीन, ताई."

"आता अकरावा," ती म्हणाली आणि माइकपुढे बसली. पहिल्याच वाक्याला टेबल डुगडुगलं. पुस्तिका काकूंच्या हातात, आणि त्या ती द्यायला तयार नाहीत. "ही पुन्हा पायाखाली गेली तर पुढच्या वेळी मला बोलावू नका. कपाटात राहील."

"मग टेबल?"

काकूंनी खुर्ची ओढली, गुडघा टेबलाखाली घालून आखूड बाजू वर धरली. "वाच. सव्वीस वर्षं लोकांचं बोलणं चालू असताना गप्प बसलेय मी."

नणंद वाचत गेली, सतरा मिनिटं. काकू हलल्या नाहीत. फक्त शेवटच्या पानावर एक सन चुकला तेव्हा त्यांनी तोंडातून चकार शब्द न काढता नुसतं बोट वर केलं, आणि ते वाक्य पुन्हा वाचलं गेलं.