फैजपूरच्या अंगणातली रेघ

“पुन्हा म्हणा! एकदा पुन्हा म्हणा! माह्या नातीले लंगडी म्हणता?”

“लंगडी नाही म्हटलं. चालताना तोल जातो म्हटलं!”

“तेच ते! गाव काय पुस्तक घेऊन बसते का फरक पाहाले? उद्या साऱ्या फैजपुरात होईल, आक्काची नात लंगडी हाये म्हणून! मंग हिच्या दारात कोण येईल?”

“मी तीनदा चालवून पाहिलं! तिन्ही वेळा डावीकडे कलली!”

“कोण कलली? कुठी कलली?”

थांबा, थांबा. भांडण एवढं रंगलं होतं की मीही मधूनच सुरुवात केली. माझी फजिती मी स्वतःच सांगितलेली बरी. लोकांच्या तोंडून ऐकाल तर त्यात मी विहिरीत पडले होते, असंही ऐकाल. पडले नव्हते! तेवढं आधीच सांगून ठेवते.

तर, फैजपूर. केळीवाल्या शेतकऱ्याचं अंगण. एका बाजूला मुलीची आजी, आक्का, पदर खोचून. दुसऱ्या बाजूला असोद्याची काशीआत्या, म्हणजे मी, तशीच पदर खोचून. मध्ये चहाच्या कपांवर साय धरलेली. आणि ओसरीच्या खांबाला टेकून, खाली मान घालून उभी असलेली सिंधू. तिलाच बघायला आम्ही गेलो होतो.

मुलगा म्हणजे माझा भाचा भास्कर. नवरा गेल्यावर मी माहेरी, माझ्या भावाकडे, आबाकडे आले. पुढे वहिनीही गेली, तेव्हा तीन वर्षांच्या भास्करला मीच वाढवलं. कपाळावर कुंकू नसलेल्या बाईला मुलगी बघायला नेऊ नये, असं म्हणणारे गावात होते. मी त्यांच्या दारावरून मुद्दाम हळूहळू गेले आणि एसटीत सगळ्यांच्या आधी चढले.

भास्कर म्हणजे विचित्र प्राणी. चार स्थळं त्यानं न बघताच नाकारली होती. सिंधूचं नाव आलं तेव्हा मात्र “बघू” म्हणाला. आणि त्याचं ‘बघू’ म्हणजे दुसऱ्याचं ‘उद्याच मांडव घाला’! कुठल्याशा लग्नात त्यानं तिला पाहिलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मला सगळंच उशिरा कळतं, पण कळायच्या आधी मी ते ठामपणे सांगून टाकते. हा माझा स्वभाव.

आता दोष कुणाचा म्हणाल, तर माझ्या शिक्षणाचा. मी शाळेची पायरी चढलेली नाही. भास्कर पाटीवर बाराखडी गिरवायचा आणि मी भाकरी थापता थापता तीच पिठात गिरवायचे. तो तिसरीत गेला तोवर मी त्याच्या पुढे निघून गेले होते! मग जे हाती येईल ते वाचायचं. वाण्याच्या पुडीचा कागदही मी उलगडून वाचल्याशिवाय टाकत नसे. असंच एकदा जळगावच्या बाजारात रद्दीवाल्याकडे वैद्यकीचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. झालं! असोद्यात कुणाला साधी शिंक आली तरी मी पुस्तक उघडायची. लोक घाबरायचे. शिंकेला नव्हे, मला!

त्या हिवाळ्यात या पुस्तकाची मला फार गरज पडली. कारण त्या हिवाळ्यात आमच्या गावची जमीन हलायला लागली.

हसू नका. खरंच हलायची! कपाशीची वेचणी चालली होती. गार वारा सुटलेला. लसणीच्या तेलात बुडवलेला कापसाचा बोळा कानात घालून, डोक्याला फडकं गुंडाळून, आम्ही बायका दिवसभर शेतात असायचो. संध्याकाळी घरी यायला निघाले की रस्ता डावीकडे सरकायचा. पांदीच्या अरुंद वाटेनं नीट चालत असायची आणि अचानक बाभळीचं कुंपण माझ्या खांद्याशी यायचं. कुंपण माझ्याकडे यायचं, मी कुंपणाकडे नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं!

आधी मी चांभाराला धरलं. “एका चपलेचा तळ जाड केलास तू!” त्यानं दोन्ही चपला मापून दाखवल्या. मी म्हटलं, तुझं मापच खोटं.

मग ओसरीची पाळी. “आबा, ओसरीला उतार आलाय.” आबा म्हणाला, “अगं, काल तर नव्हता.” मी म्हटलं, “काल मी पाहिलं नव्हतं.” गड्याकडून माती आणवली, चोपून घेतली, वर सारवलं. दुसऱ्या दिवशी ओसरी पुन्हा कलली. पुन्हा माती! आमच्या ओसरीचं एक टोक त्या वर्षी एवढं उंच झालं की आबानं पाण्याचा तांब्या ठेवला तर तो घरंगळत थेट अंगणात.

शेवटी पुस्तक उघडलं. ‘चालताना अडखळणे व तोल जाणे : कारणे.’ केवढी यादी! पायाची हाडं, गुडघे, कंबर, मणका. नजर मंद होणं. अंगात रक्त कमी असणं. दारू. एकेक कारण मी स्वतःला लावून पाहिलं. गुडघे ठणठणीत. नजर अशी की सुईत दोरा एका झटक्यात. दारूचं तर नाव काढू नका! पान संपता संपता लिहिलं होतं, ‘याखेरीज, पुष्कळदा दुर्लक्ष होते असे कारण म्हणजे’

आणि पुढचं पानच नव्हतं.

म्हणजे अर्थ उघड होता. मला यातलं एकही कारण लागू पडत नाही, तेव्हा दोष माझ्यात नाही. जमिनीत आहे, चपलांत आहे, आणि लोकांत आहे. लोक हळू आवाजात बोलायलाही लागले होते, हा आणखी एक पुरावा!

फैजपूरला जाताना एसटीत मात्र मी एकदम झकास होते. का सांगू? त्या रस्त्यावर सगळी गाडीच डोलत होती. सगळे माझ्यासारखेच चालले होते.

तर असं डोकं घेऊन मी मुलगी बघायला बसले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग आपल्याकडची रीत, “पोरी, जरा चालून दाखव. ओसरीपासून तुळशीपर्यंत.”

सिंधू चालली. आणि माझ्या डोळ्यांदेखत पोरगी डावीकडे कलली. तिच्याबरोबर तुळस कलली, तुळशीमागची भिंतही कलली. भिंतीचं मी मनावर घेतलं नाही. भिंतीला कुठे लग्न करायचं होतं?

“पुन्हा चाल.” पुन्हा कलली. “पुन्हा!” पुन्हा तेच. मी पुस्तकातल्या शब्दांत जाहीर केलं, “मुलीचा तोल जातो. डाव्या पायात किंवा मणक्यात दोष असावा.”

आणि मग ते सगळं सुरू झालं, जे तुम्ही वर वाचलंत.

आबा माझ्या कानाशी लागून म्हणाला, “काशे, मले तर सरळ चालताना दिसली.”

“तुझे डोळे तपासून घे!”

भास्कर म्हणाला, “आत्या, मलाही...”

“तू गप्प बस! तुझे डोळे तर आजच्या दिवस धरायचेच नाहीत!”

सिंधूचे वडील, नाना, हात जोडून उभे. “आत्याबाई, पसंत नसेल तर नाही म्हणा, आमचं काही म्हणणं नाही. पण पोरीच्या पायाले नाव ठेवून जाऊ नका.” तेवढ्यानंही मी शुद्धीवर यायला हवं होतं, की नाही? पण नाही! मला वाटलं, लपवाछपवी चाललीय. भास्करला मी वाढवलाय, डोळे मिटून कुणाच्याही गळ्यात कसा बांधू?

“ठीक आहे,” मी म्हटलं, “आपण शास्त्रीय पद्धतीनं ठरवू. रांगोळी आणा!”

रांगोळी आली. मी स्वतः वाकून, ओसरीपासून तुळशीपर्यंत, एक लांबलचक सरळ रेघ ओढली. हात झटकले. “आता या रेघेवरून चाल पोरी. एक पाऊल बाहेर नको.”

सिंधूनं एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. पदर सावरला आणि रेघेवर बरोब्बर पाऊल टाकत निघाली. आणि वळली! डावीकडे वळत वळत, तुळस उजव्या हाताला टाकून, विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन थांबली.

“बघा!” मी ओरडले. “बघा! आता तरी दिसलं का?”

आक्का सावकाश खाली उतरली, कमरेवर हात ठेवून रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, “पोरगी रेघेवरच गेली, माय. रेघच विहिरीत चालली हाये. रेघ कोणं ओढली?”

अंगणात एवढी शांतता, की गोठ्यातली म्हैस रवंथ करतेय तेही ऐकू यावं. उजव्या कानानं.

“जमीन वाकडी आहे तुमची,” मी म्हटलं.

“मंग तुम्हीच चालून दाखवा,” आक्का म्हणाली. “रेघ सोडा. सरळ तुळशीपाशी जा. तितं पोचलात तर मी म्हणेन, माही नात लंगडी.”

मी? घाबरेन? मान ताठ केली, तुळशीवर नजर रोवली आणि निघाले.

आता पुढचं सगळं आत्ताच सांगून टाकते, कारण शेवट मला दुसऱ्याच ठिकाणी करायचाय. दोन दिवसांनी जळगावच्या डॉक्टरनं माझ्या डाव्या कानात चिमटा घातला आणि कापसाचा बोळा काढला. मग त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा! आतला बोळा हाताला लागेना म्हणून मी दर वेळी वर नवा कोंबत गेले होते. तळाशी पू झालेला. “बाई,” डॉक्टर म्हणाला, “हा कान आहे की कापसाच्या जिनिंगचं गोदाम? माणसाचा तोल नुसता पायात नसतो, तो कानातही असतो.” मी त्याला लगेच खोटा पाडणार होते, पण खुर्चीवरून उठले तर जमीन जागच्या जागी होती. आणि पुस्तकाचं ते हरवलेलं पान? उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्याची बरणी उघडली, तर फडक्याखाली तेच पान. मीच बांधलेलं! तेलकट डागांतून पहिला शब्द स्वच्छ दिसत होता, ‘कान’.

सिंधू आज याच घरात आहे. ओसरी तिनं पुन्हा सपाट करून घेतली. सणाच्या रांगोळीला मला ठिपके देते, रेघा देत नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी चालत होते. तुळस समोर होती, मग जरा उजवीकडे गेली, मग कुठे गेली कोण जाणे. आबा “काशे!” म्हणून ओरडला. भास्कर ओसरीवरून उडी टाकून निघाला. आणि कुणीतरी माझा दंड घट्ट पकडला. ती सिंधू होती. तासभर जिच्या पायाला मी नाव ठेवत होते, तिनं त्यावर पहिल्यांदाच तोंड उघडलं. आवाज चढवला नाही, हसलीही नाही.

“माह्या पायाचं काय ठरवायचं ते सावकाश ठरवा, आत्याबाई, पण आधी माहा हात धरा, तुमच्या डाव्या अंगाला विहीर हाये.”