सोळा दाते

टेमघरच्या आमच्या कारखान्यात मी डिप्लोमा घेतलेला डिझायनर आणि तो वळ गावचा, आठवी शिकलेला फिटर. तरी दापोड्याहून लोक तुटके शाफ्ट घेऊन यायचे ते थेट त्याच्याकडे. तो शाफ्टच्या दात्यांवरून अंगठा फिरवून बिघाड सांगायचा. मी मोजमापाचं व्हर्नियर हातात धरून बघत राहायचो. आतून जळायचो.

सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्यासाठी, सूत गुंडाळायचा बीम फिरवणाऱ्या शाफ्टची जोडणी करायची होती. शाफ्टवरचे दाते कपलिंगच्या खाचांत सरकवून बसवायचे. मी बारीक पीच घेतला, म्हणजे दात्यांमधलं अंतर कमी, बत्तीस दाते. जोर सगळ्यांवर वाटला जातो, हिशेबात पक्कं.

ड्रॉइंग पाहून तो म्हणाला, "साहेब, बीम रोज उतरतो. रुई न् वाळलेली खळ बसली का ह्ये दाते आत जायाचे न्हाय. मंग हातोडा हायच."

"तू दाते काप. हिशेब माझ्यावर सोड."

महिनाभरात जोडणी अडकली. हातोड्याने दात्यांची तोंडं चेचली गेली. मग त्याने तेवढ्याच जाडीच्या शाफ्टवर दुप्पट पीचचे सोळाच दाते कापले, बाजूंना थोडी जास्त मोकळीक ठेवली. बीम हाताने सरकून बसला.

आमचे शेठ खूश. "डोकं कुणाचं?"

तो शेजारीच तेलकट हात पुसत उभा होता. "माझंच," मी म्हणालो. "पहिल्यात सुधारणा केली."

दुपारी डबा उघडताना तो एवढंच म्हणाला, "बसला ना साहेब? मंग झालं." भांडला असता तर बरं वाटलं असतं. नवं ड्रॉइंग मी काढलं, सही माझी.

इतक्या वर्षांनी, परवा त्या सायझिंग कारखान्यातली नवी इंजिनिअर मुलगी तेच ड्रॉइंग घेऊन घरी आली. "काका, इथे सोळाच दाते का घेतले?"

मी रुईचं, खळीचं सांगू लागलो आणि माझ्या तोंडून त्याचंच वाक्य येतंय हे कळलं. थांबलो. शेवटी म्हणालो, "हे माझं नाही," आणि त्याच्या घराचा पत्ता दिला.

संध्याकाळी तिचा फोन. तीन तास ती त्याच्या ओटीवर बसली होती. माझ्याकडे वीस मिनिटं. "काका, ते तर म्हणाले, दोघांनी मिळून केलं."

या वयातही तसाच आतून जळलो. सगळं कळूनही त्याने मला अर्धा वाटा दिला होता, तोही न मागता. म्हणून हे लिहून ठेवतो. बत्तीस दाते माझे. सोळा त्याचे, सगळेच्या सगळे.