टेकायला जागा

देव आहे की नाही, ही शंका मला कधी आली नाही. तो मला ओळखतो का, ही मात्र आमचे हे गेल्यापासून रोज यायची. दोन वर्षं झाली. इंदापुरात घराजवळच्या देवळात जायचे, घंटा वाजवायचे, हात जोडायचे आणि सटकायचे. दर्शन झालं की घडीभर टेकायचं, ही आपली रीत. पण मला टेकवतच नसे. बसलं की शेजारची जागा रिकामी दिसे.

आता गंमत ऐका. हे होते तेव्हा तरी मी कुठं टेकत होते! बाजाराला बारामतीला आलो की आम्ही कऱ्हेकाठच्या महादेवाला जायचो. दर्शन झालं की हे पिंपळाच्या पारावर बसत, टोपी काढून शेजारचा दगड झाडत, त्यावर दोनदा थाप मारत आणि म्हणत, "टेक की जरा." आणि बाईसाहेब? जरीची साडी चुरगळेल म्हणून पिशवी काखेत मारून, मान ताठ करून उभ्या! मी बसले तर जणू बारामतीचा बाजारच बंद पडणार होता. "घरी काय खुर्च्या न्हाईत व्हय?" म्हणायचे. ते हसायचे आणि निवांत बसून राहायचे. मी आपली चपलेचं टोक आपटत त्यांच्याकडे पाठ करून उभी. तेव्हाच्या त्या पोरीला आज भेटले तर कान धरून खाली बसवीन.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. कामावर जाताना त्यानं मला मोटारसायकलवरून तिथल्या दवाखान्यात सोडलं आणि म्हणाला, "आई, सुटी झाली की न्यायला येतो. हितंच बसून राहा." गुडघ्यांचा एक्स-रे फोटो काढून झाला, पण डॉक्टर तो संध्याकाळी बघणार होते. दुपारी दवाखान्याला कुलूप लागलं आणि मी रस्त्यावर आले.

एवढं मोठं गाव, पण फुकट बसायला वीतभर जागा नाही! कापडदुकानाच्या पायरीवर कुणी बसू नये म्हणून लोखंडी टोकं ठोकलेली. हॉटेलात चहा घेतला, तर कप रिकामा व्हायच्या आत पोऱ्या फडकं मारायला हजर. मग मी बँकेत शिरले. टोकन घेतलं आणि गार हवेत बसले. नंबर पुकारला की ऐकूच आलं नाही असं करायचं आणि थोड्या वेळानं दुसरं टोकन घ्यायचं. तिसऱ्या वेळी शिपाई जवळ आला. "आज्जी, काम काय हाय तुमचं?"

"बसायचं."

तो हसला, पण दार उघडून उभा राहिला.

पुढं पाय कुठं निघाले ते मी ठरवलं नव्हतं. गुडघे दुखत होते, ऊन डोक्यावर होतं आणि समोर महादेवाचं देऊळ आलं. हे गेल्यापासून मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. पिंडीपुढं उभी राहिले आणि पहिल्यांदाच मागताना लाज वाटली नाही. म्हटलं, महादेवा, त्यांच्या शेजारी टेकायचं राहूनच गेलं बघ. आता कसं करू?

बाहेर आले तर यांची जागा सोडून सगळा पार भरलेला. एकीकडं म्हातारी माणसं, दुसरीकडं मोबाइल बघणाऱ्या पोरी. यांच्या जागेशेजारी, जिथं मी कधी बसले नाही, तिथं एका बांगडीवालीनं काचेच्या बांगड्यांची पेटी मांडलेली. डोक्यावर हिरवी ओढणी, तोंडात पान. मी मागं फिरले. यांच्या जागेवर बसवेना, म्हणजे इथंही मला जागा नाहीच.

"ओ आज्जी, कुठं निघालात उन्हाच्या?"

"मी बांगड्या भरत न्हाय बाई आता."

"मी कुठं भरा म्हणते? झाड अल्लाचं हाय, माझ्या बापाचं न्हाय." तिनं पेटी सरकवली, ओढणीच्या टोकानं दगड झाडला, त्यावर दोनदा थाप मारली आणि म्हणाली, "टेका की जरा."

मी बसले. बसले म्हणजे कोसळलेच. दगड सावलीनं गार होता. किती वेळ रडले, माहीत नाही. ती बाई गिऱ्हाइकांशी भाव करत होती. डावीकडं यांची जागा रिकामी होती, पण त्या दिवशी ती मला पोकळ वाटली नाही. कुणीतरी आत्ताच उठून पाणी प्यायला गेलंय, येईलच, असं वाटत राहिलं. ते आले नाहीत. तरी मी वाट बघत बसले, आणि ती वाट बघणं हीच माझी पूजा झाली. आजवर देवापुढं मी उभ्या उभ्याच बोलून निघत आले. त्याला जे द्यायचं होतं ते बसल्यावर मिळणार होतं, हे कळायला गुडघे मोडावे लागले. त्या गुडघ्यांचेही उपकारच म्हणायचे.

दवाखान्यात, बाजारात शोधून शोधून मुलगा संध्याकाळी पारापाशी आला. "आई! अगं, डॉक्टर थांबलेत, चल लवकर." मान ताठ, गाडीची चावी बोटात फिरवत उभा. थेट माझ्यावर गेलाय.

मी पदरानं शेजारचा दगड झाडला आणि थाप मारली. "टेक की जरा."

"घरी गेल्यावर बसू की," तो म्हणाला.

मला हसू आलं. त्याचा हात धरून उठले, बांगडीवालीला हात जोडले, पिंपळालाही जोडले. तो नाही बसला. बसेल कधीतरी. जागा झाडून ठेवलीय.