डावीकडे ओढणारी गाडी

नव्या व्हॅनचं स्टेअरिंग डावीकडे ओढतं, असं बाबा महिनाभर सांगत होते. वलगावहून अमरावतीला शाळेची मुलं नेताना त्यांचे खांदे भरून यायचे. आई म्हणायची, "तुमी बैलंच हाका." मीही म्हणालो होतो, "बाबा, वय झालं आता." त्यांनी गाडी चालवणंच सोडलं.

काल अकोल्याच्या कॉलेजातून घरी आलो, तर कंपनीचं इंग्रजी पत्र आलेलं. घरात इंग्रजी मलाच येतं. स्टेअरिंगच्या सांध्याचं वेल्डिंग कारखान्यातच कच्चं राहिलं होतं. गाडी चालवू नका, असं लिहिलं होतं. मी सावकाश वाचून दाखवलं.

बाबांनी विचारलं, "त्यात माह्या वयाचं काई लिवलं हाय का?"

मी पत्र पुन्हा पाहिलं.

"नाही, बाबा," म्हणालो.