शांत पाण्यावर पडलेली विमानं

किसनअण्णा गेल्याचा त्यांच्या बायकोचा, हौसाकाकूंचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते. "अगं, चहाला उठवाया गेले, तर उठलेच न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "झोपेतच?" "झोपेतच. कुशीवर." आणि मला हायसं वाटलं. हे असं लिहिणं शोभत नाही, कळतं मला. कुणी गेलं की पोकळी निर्माण झाली, आधारवड कोसळला, असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी ते लिहिणार नाही. जो माणूस पन्नास वर्षं धड झोपला नव्हता तो शेवटी झोपेत गेला, आणि त्याआधीचे पाच-सहा आठवडे घर दणाणेल असा घोरत होता. हे मला ठाऊक होतं, म्हणून हायसं वाटलं. बाकीचं वाईट वाटणं नंतर आलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

बोरी बुद्रुकमध्ये त्यांना सगळे 'पायलट' म्हणत. वायुसेनेत नोकरी केली म्हणजे विमान चालवलंच असणार, हा गावाचा हिशेब. अण्णा दर वेळी तितक्याच चिडून सांगत, "पायलट न्हाई राव, फिटर. पाने-बोल्ट." समोरचा म्हणे, "बरं, पायलट." आमची पहिली भेट मात्र भांडणाची. उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून एक तरुण गेला होता. मी 'हा अपघात नव्हे, खून!' असं पत्रक काढलं, ड्रायव्हर दारू प्यायला होता असं ठोकून दिलं, आणि दारोदार सह्या गोळा करत अण्णांच्या ओट्यावर पोचले. त्यांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. "ट्रॉलीचा मागला दिवा बघितलास का?" "नाही." "ट्रॉली तरी?" "नाही, पण सगळे म्हणतात…" "मग सही कशावर मागती, पोरी? तुझ्या रागावर?" मी तणतणत निघून आले. पण दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीच्या आवारात उभी केलेली ती ट्रॉली बघायला गेले. मागे दिव्याची तुटकी वायर लोंबत होती, रिफ्लेक्टरचा पत्ता नव्हता, आणि ड्रायव्हर दारूला शिवतसुद्धा नव्हता. पत्रक नव्यानं लिहिलं. जुन्नरचे आमचे छापखानेवाले शकूरभाई मजकूर बघून म्हणाले, "ताई, तब्येत बरी आहे ना? उद्गारचिन्ह एकच दिसतंय." अण्णांनी त्या पत्रकावर सही केली. आधी स्वतः चौकीवर जाऊन ट्रॉली बघून आले, मग केली.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिले ते त्यांच्या वहीमुळे. दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीच्या वर्षांत पॅसिफिक महासागरातल्या बेटांभोवती लष्करी विमानांना झालेले अपघात, हा त्यांचा नाद, आणि वहीत त्याचीच टिपणं. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला हा नाद कुठून लागावा? मी विचारलंच. ते म्हणाले, "आपल्या फायली बंद. परदेशातल्या जुन्या झाल्या, उघडल्या. शिकायचं तर उघड्या फायलीवरनंच ना?" इंटरनेटवर मिळतील तेवढे जुने अहवाल मी छापून नेऊन देऊ लागले. पाण्यावर उतरणारी मोठमोठी विमानं, प्रवाळाच्या खडकावर पोट फाटलेली. सरावात एकमेकांना धडकलेली. आपलं जहाज शोधता शोधता इंधन संपून समुद्रात गेलेली. वाचताना माझं डोकं तापायचं. युद्ध अजून सुरूच झालेलं नाही, शत्रूचा पत्ता नाही, आणि विशी-पंचविशीतली पोरं कवायतीत मरतायत. कुणाचं स्मारक नाही, की पदक नाही. अहवालात एक ओळ, आणि शेवटी बहुतेक वेळा तेच… वैमानिकाची चूक. "मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलायचं," मी म्हणायची. अण्णा म्हणायचे, "कधी ढकलत्यात. कधी खरं असतं. तू आदुगर बघ." ते प्रत्येक अहवालात एकच गोष्ट शोधत. उडायच्या आधी विमान कुणी तपासलं आणि सही कुणाची. ते कशासाठी, हे मला कळत नव्हतं.

ते कळलं एका साध्याशा अहवालामुळे. पहाटेची वेळ, बेटाला लागून उथळ पाणी, वारा अजिबात नाही. वैमानिक उतरायला आला आणि सरळ पाण्यात घुसला. तो वाचला होता, म्हणून त्याला विचारता आलं. त्याचं म्हणणं एवढंच, की पाणी कुठे सुरू होतं ते दिसलंच नाही. लाट नसली की समुद्राचा आरसा होतो आणि उंचीचा अंदाज जातो, हे मी त्या दिवशी शिकले. अण्णांनी तो कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "ह्याला इचारलं. आमच्या सायबाला मी कदी इचारलंच न्हाई."

आणि मग त्यांनी सांगितलं. नोकरीला सात-आठ वर्षं झाली होती, तळ समुद्राकाठचा होता. विमानाच्या शेपटाकडे, नाक वर-खाली करणाऱ्या दांड्याचा एक बोल्ट असतो. तो एकानं बसवायचा, दुसऱ्यानं डोळ्यानं बघायचा, हातानं हलवायचा आणि मगच सही करायची. बसवणारा त्यांचा दोस्त होता. अण्णांना गावच्या जत्रेला यायचं होतं, गाडी चुकत होती. "दोस्तानं बसवलाय, बघायचं काय त्यात, असं म्हनलो. पिशवी खांद्याला आन् सही केली." जत्रेतनं परत गेले तेव्हा ते विमान समुद्रात पडलेलं होतं. कोळ्यांनी पायलटला बाहेर काढलं. पाय मोडला होता, त्याचं उडणं कायमचं बंद झालं. विमान हाती लागलं नाही. चौकशीचा निकाल: वैमानिकाची चूक. अण्णांना कुणी एक शब्द विचारला नाही. दोस्तही पुढे वारला. "माझा बोल्ट त्याच्या माथी मारला का, येवढं कळाया पायजे व्हतं," ते म्हणाले. "आता कोन सांगणार?"

कोण सांगणार म्हणजे? तो पायलट. मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. माजी सैनिकांच्या तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत विचारत साहेब सापडले. पुण्यात, ऐंशी ओलांडलेले, शुद्धीवर आणि तापट. अण्णा जायला तयार होईनात. काकू म्हणाल्या, "पन्नास वर्सं कूस बदलताय, मला बी झोप न्हाई. जावा एकदा, काय शिव्या खायच्या त्या खाऊन या." पुण्याला निघताना मी पिशवीत एका पत्रकाचा कच्चा खर्डा टाकला होता. वैमानिकांना बळीचा बकरा करणाऱ्या चौकशांविरुद्ध. मथळाही झाला होता. अजून माझी ती खोड गेली नव्हती.

साहेबांनी दार उघडलं, आणि अण्णा काठीसकट ताठ उभे राहिले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, जत्रा, गाडी, पिशवी. "साहेब, सही न बघता केली व्हती." साहेब म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं हे घेऊन फिरताय? अहो, मी खाली आणलं ते विमान. सकाळची वेळ, समुद्र आरशासारखा, मला पाण्यालगत उडवून जरा मस्ती करायची होती. पाणी दिसलंच नाही. अगदी शेवटी कळलं तेव्हा दांडा ओढला, आणि नाक वर आलं. पोटावर आदळलो म्हणून वाचलो. तुमचा बोल्ट सुटला असता तर नाक वर आलं नसतं, आणि आज दार उघडायला माझा फोटो आला असता." चौकशीतही त्यांनी हेच सांगितलं होतं. निकाल खरा होता. माझा खर्डा पिशवीतच राहिला. तेव्हा कुठे अण्णा खुर्चीत बसले. साहेब म्हणाले, "तुम्ही न बघता सही केलीत, मी न बघता उडवलं. चहा घ्या आता."

परतीच्या एसटीत राजगुरुनगर यायच्या आत अण्णांना झोप लागली, तोंड उघडं टाकून. मंचरला जाग आली तेव्हा मी म्हटलं, "सुटलात अण्णा. तुमची काही चूक नव्हती." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विमान माझ्यामुळं पडलं न्हाई, येवढंच. बोल्ट टिकला म्हणून सही खरी व्हत न्हाई, पोरी." पण आवाजात ओझं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "लई भूक लागली," आणि स्टँडवर दोन वडापाव खाल्ले, तिसऱ्यातला अर्धा माझा.

परवा, तेरावं होऊन बरेच दिवस झाल्यावर, काकूंकडे गेले होते. त्यांनी चहा केला, गॅस बंद केला आणि शेगडीपाशीच उभ्या राहिल्या. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाई गं. मी बंद करायची, मागनं त्यांनी येऊन बघायचं. लगीन झाल्यापासनं. पयल्यांदा स्टो व्हता, मग ग्यास. मी भांडायची, माझ्यावर इस्वास न्हाई का? तर म्हनायचे, तुझ्यावर हाय, माझ्यावर न्हाई." त्या हसल्या, पण शेगडीपासून हलल्या नाहीत. मी उठले. बटणाला हात लावला, हलवून बघितलं. खाली वाकून सिलिंडरचंही बघितलं.

"बंद आहे, काकू."

"बघितलंस ना?"

"बघितलं."

मग त्या येऊन चहाला बसल्या.