अंगावरून गेलेली वर्षं

स्टुडिओचं जाड दार लागलं की बाहेरचं शहर एकदम नाहीसं व्हायचं. रिक्षांचे भोंगे, कॅन्टीनमधली कपबशांची खळखळ, पोर्चमधल्या गप्पा, सगळं दाराबाहेर राहायचं. मी रेडिओवर निवेदिका होते आणि त्या शांततेवर माझं प्रेम होतं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेन. एका दुपारी त्या शांततेत मला आवाज ऐकू यायला लागला. लांबच्या खळ्यावर कुणीतरी धान्य पाखडत असावं, तसा. सूप वर, सूप खाली, एका लयीत.

मी हेडफोन काढला. आवाज तसाच.

काचेपलीकडे आमचे रेकॉर्डिंगवाले बसायचे. निवृत्तीला आलेले, शहागंजाकडचे, दखनीत बोलणारे. मी माइकवरूनच त्यांना विचारलं, "भाईसाब, लाइनवर काहीतरी येतंय का?"

त्यांनी डोळे मिटून ऐकलं, बटणं फिरवली, पुन्हा ऐकलं. "नै बाई. मेरेकू तो कुछ नै आरा. लाइन एकदम साफ है."

मी पुन्हा वाचायला लागले. आवाज चालूच होता. दोन-चार दिवसांत मला त्याची सवय झाली आणि पुढं तर सोबतही वाटायला लागली. निवेदन संपून गाणं सुरू झालं की मी डोळे मिटून ते पाखडणं ऐकत बसायची.

त्या वर्षी माझं सगळंच असं लांबून ऐकू आल्यासारखं, लांबून दिसल्यासारखं झालं होतं. औरंगपुऱ्यातून चालताना वाटायचं, पाय जमिनीला पुरते टेकतच नाहीत. उन्हाला एक दुधाळ रंग असायचा. ऑफिसचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायचं. तिथं एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर कडुनिंब. दम जाईपर्यंत मी त्याची हलणारी पानं बघत राहायची. दम गेला तरी बघत राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "झाड बघतेय." खोटं नव्हतं ते. मला वाटायचं, वयाबरोबर माणसाला जो निवांतपणा येतो म्हणतात, तो हाच असणार.

घरीही तेच. आमचे हे पाटबंधारे खात्यात. एकदा जेवताना कौतुकानं म्हणाले, "हल्ली तू अजिबात चिडत नाहीस. स्वभाव किती शांत झालाय तुझा."

मलाही बरं वाटलं. चिडायला अंगात जोर लागतो, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पाळीचं म्हणाल, तर ती वर्षभरापासून बिघडली होती. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, तर कधी पंधरवड्यात परत हजर. आली की अशी यायची, की उठता-बसता धास्ती. अंगावरून इतकं जायचं, की पॅडवर कापडाची घडी आणि घडीवर आणखी घडी घेऊनही भरवसा नसायचा. काळपट गाठी पडायच्या. फिक्या रंगाच्या साड्या मी कपाटात मागं सारल्या. ऑफिसच्या खुर्चीवर काळा टॉवेल घालून बसायची आणि उठताना पदर पुढून मागं असा ओढून घ्यायची, की बघणाऱ्याला ती लकब वाटावी. लांब रेकॉर्डिंग असलं की मध्ये उठायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा बेतानं प्यायची. आणि हे सगळं मला फारसं विचित्र वाटत नव्हतं. मैत्रिणी म्हणायच्या, जायच्या वेळेला असंच असतं. शेजारणी म्हणायच्या, दिवा विझायच्या आधी मोठा होतोच. मीही मान हलवायची.

विचित्र वाटत होतं ते वेगळंच. मला माती खावीशी वाटायची.

पहिल्यांदा हे कळलं ते नव्या माठामुळं. उन्हाळ्याच्या तोंडाला माठ आणला, त्यात पाणी भरलं आणि त्याच्या अंगाला जो ओला वास सुटला, त्यानं तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. हे ऑफिसला गेल्यावर मी माठाला गाल लावून उभी राहिले. पुढं जुन्या फुटक्या माठाचं एक खापर धुऊन पर्समध्ये ठेवायला लागले. बडीशेप खावी तशी त्याची कोर दाताखाली धरायची. पाटीवरच्या पेन्सिली आणायची. फ्रीजमधला बर्फ कडाकडा फोडायची. एरवी मी बऱ्यापैकी शहाणी बाई. पण त्या खापराची चव जिभेवर विरघळायची तेव्हा मी कुठं तरी लांब, पाणी शिंपडलेल्या अंगणात बसलेली असायची.

पावसाळा सरता सरता घरची सगळी मिळून वेरूळला गेलो. चितेगावहून माझी थोरली जाऊ आली होती. तिला मी आक्का म्हणते. ती शेतात राबलेली, काटक, आणि बोलायला फटकळ. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, मग लेण्यांकडं वळलो. बाकीचे वरच्या मजल्याकडं गेले. जिना बघूनच माझी छाती धडधडायला लागली. मी म्हटलं, "तुम्ही या जाऊन, मी इथंच बसते."

खाली गारवा होता. दगडातून पाणी पाझरत होतं. खांबांवर ओल चढली होती आणि सगळ्या लेण्याला त्या नव्या माठासारखा वास येत होता. आतल्या अंधारात मोठ्या दगडी मूर्ती अर्धवट डोळे मिटून बसल्या होत्या. मलाही त्यांच्यातलीच एक होऊन तिथं बसून राहावंसं वाटलं, शेकडो वर्षं, कुणी ऊठ म्हणू नये. कानात पाखडणं चालू होतं. मी उठले, एका खांबाला टेकले. कपाळ लावलं. दगड गार होता, ओला होता. आणि मी काय करतेय ते कळायच्या आत माझी जीभ त्याला लागली होती.

"अगं बाई! काय करायलीस?"

आक्का मागं उभी होती. गुडघे दुखतात म्हणून अर्ध्या जिन्यातून परतली होती. मी पदरानं तोंड पुसलं. आधी ती नुसती बघत राहिली. मग जवळ आली, माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दगड चाटायलीस व्हय? खरं सांग. दिवस गेलेत का काय तुला?"

"आक्का! काहीतरीच काय! या वयात?"

"वयाचं काय सांगू नको मला. पाळी कधी आलती?"

मला नीट सांगता येईना. महिन्यांचा हिशेबच राहिला नव्हता. तेवढं तिला पुरलं. परतीच्या वाटेवर गाडीत ती माझ्या शेजारी बसली आणि माझा हात काही सोडला नाही. घरी आल्यावर यांना म्हणाली, "मी हाय दोन दिवस इथं. हिला डॉक्टरीणबाईकडं न्यायचंय. काय झालंय ते मागनं सांगते."

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान, कमी बोलणाऱ्या. आक्कानं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "हिला डोहाळे लागलेत. माती खायली."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली, नखं बघितली, जीभ बघितली. मग आक्काला म्हणाल्या, "खात्रीसाठी तपासू, पण दिवस गेलेत असं वाटत नाही. यांच्या अंगात रक्तच नाहीये." आणि मला विचारलं, "कानात काही आवाज येतो का? ठोक्यासारखा?"

मी दचकले. हे तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "येतो. धान्य पाखडल्यासारखा."

"तो तुमच्या रक्ताचा आवाज आहे. पातळ झालंय, म्हणून हृदयाला जोरात पळवावं लागतंय. किती दिवस अंगावरून असं जातंय?"

"वर्ष झालं असेल. पण पाळी जायच्या वेळेला असंच असतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"पाळी पुढं-मागं होते, ते ठीक. पण गाठी पडतात, उठायला भीती वाटते, जिना चढवत नाही, हे ठीक नाही. तेव्हाच यायला पाहिजे होतं." मग म्हणाल्या, "आईला असा काही त्रास होता का?"

मी नाही म्हणणार होते, आणि आई डोळ्यांपुढं आली.

आमचं माहेर करमाडजवळचं. भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. स्वयंपाकघराच्या दारापाशी, बसल्यावर हात पोचेल एवढ्या उंचीवर, भिंतीला एक खळगा होता. आई दुपारी तिथं टेकून बसायची आणि बोलता बोलता नखानं तिथली माती काढून तोंडात टाकायची. आम्हा पोरांना तो आईचा खाऊ वाटायचा. आई बोलायची सावकाश, चालायची सावकाश. चुलीवर दूध ठेवून तिथंच बसायची, दूध उतू जायचं आणि ती त्याच्याकडं बघत असायची. आजूबाजूच्या बाया म्हणायच्या, ही बाई स्वप्नात राहते. वडील माणसं म्हणायची, आळशी आहे. मला मात्र तिचं ते हरवलेलं असणं फार आवडायचं. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की तीही कुठं तरी लांब आहे आणि मलाही सोबत घेऊन गेलीय असं वाटायचं. तिचा तळहात कागदासारखा पांढरा होता. मी त्याला गोरा म्हणायची.

आईला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईंपुढं मला एवढंच बोलता आलं, "आई भिंतीची माती खायची." आणि मी रडायला लागले. आक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं आणि पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला.

पुढं तपासण्या झाल्या. दिवस गेले नव्हते. हिमोग्लोबिन इतकं खाली होतं, की हे तो कागद हातात घेऊन खुर्चीतच बसले. "आणि मी म्हणत होतो, तू शांत झालीस," एवढंच म्हणाले. सोनोग्राफीत गर्भपिशवीला एक छोटी गाठ दिसली. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. त्याचं उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला नीट आठवतही नाही. उत्तर चांगलं आलं.

आक्काचं म्हणणं सरळ होतं. "पिशवी काढून टाक. माझी नाय का काढली? कटकट मिटली."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढायचीच वेळ आली तर काढू. पण इतक्या कमी रक्तावर घाईनं कशाला? आधी लोह भरू, रक्तस्राव थांबवू. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतं."

रक्तस्राव आवरायला गोळ्या दिल्या आणि लोहाचं सलाईन सुरू केलं. बाटलीत कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. ते नळीतून सावकाश माझ्या हातात उतरत होतं. तोंडात पितळी तांब्याला ओठ लावल्यासारखी चव आली. खिडकीतून ऊन पडलं होतं, पंखा फिरत होता, आणि मी झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्या तरी जागी होते. आक्का स्टुलावर बसली होती. ती बाटलीकडं बघत होती.

खूप वेळानं ती म्हणाली, "मला बी असंच जायचं."

"काय?"

"अंगावरून. धाकटा दूध प्यायचा सुटला आन् सुरू झालं. तिशी बी उलटली नव्हती माझी. डॉक्टर म्हणला, पिशवी काढा. घरच्यांनी व्हय म्हणलं. काढली." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "असली बाटली लावू, बघू, असं कुणी म्हणलंच नाय. तवापासून हाडं दुखत्यात. अंगाची आग व्हती. मला वाटलं, बाईचं असंच असतं."

मी मोकळ्या हातानं तिचा हात धरला. बाटली संपेपर्यंत ती बसून राहिली.

त्यानंतरचे महिने हळूहळू उजाडत गेले. आधी जिना सोपा झाला. मग मातीची ओढ गेली. एके दिवशी पर्समध्ये खापर हाताला लागलं, आणि हे इथं कशाला, असं वाटून मी ते तुळशीत टाकलं. लोहाच्या गोळ्या चालू होत्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत म्हटल्यावर यांनी माझ्या चहाची वेळच बदलून टाकली. पिशवीत एक छोटं औषधी साधन बसवलं. पहिले काही महिने त्यानं थोडा-थोडा डाग दिसत राहायचा आणि मी वैतागायची. मग पाळी कमी कमी होत गेली. पिशवी काढायची वेळ आली नाही. स्टुडिओतलं पाखडणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही. एका दुपारी दार लागलं आणि शांतता इतकी कोरी होती, की मला क्षणभर एकटं वाटलं.

हे सांगायला थोडा संकोच वाटतो, पण मला तो तरंगता काळ अधूनमधून आठवतो. ते दुधाळ ऊन, पायाखालची हलकी जमीन. तसं पुन्हा व्हावं असं मुळीच वाटत नाही. तरी आईला इतक्या जवळून मी दुसऱ्या कुठल्याच काळात पाहिलं नाही.

रंग परत आले, राग परत आला. दाराची कडी नीट लावली नाही म्हणून मी यांच्यावर ओरडले, तेव्हा हे खळखळून हसले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी आक्काला फोन केला. म्हटलं, "हाडांचं दाखवायला तुम्ही इकडं या. डॉक्टरीणबाईंशी मी बोललेय. इतक्या लवकर पिशवी काढली की हाडं झिजू शकतात, म्हणाल्या."

"आता कशाला गं? म्हातारी झाले मी."

"तुम्ही माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठ्या आहात, आक्का."

पलीकडं तिनं कुणाला तरी कापसाचं विचारलं. मग ती म्हणाली, "सोमवारी येते. कापूस वेचून झाला की."

सोमवारी ती आली. येताना शेतातली मेथी घेऊन आली होती, भली मोठी जुडी, मुळांना अजून माती. दोघी गच्चीवर उन्हात बसून ती निवडत राहिलो. दवाखान्याची वेळ संध्याकाळची होती.