लौझच्या धुक्यातला सोबती

मी हिशेबनीस माणूस. कुणी कृपेची गोष्ट सांगू लागलं की माझं मन आधी तिच्यातल्या फटी शोधतं. म्हणून हा अनुभव लिहायला बरेच दिवस कचरत होतो.

मी नोकरीला आहे त्या अरबी मुलखात, तबुकजवळच्या लौझ डोंगरावर यंदा चांगला बर्फ पडला. कोकणात वाढलेल्या माझ्या बायकोला त्यावर चालायची फार हौस. थंड देशात राहून आलेल्या एका सहकाऱ्याने पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या पसरट जाळ्या दिल्या. पायथ्याशी मेंढ्यांच्या कळपातलं एक पिवळट कुत्रं आमच्या मागे लागलं. आम्ही शाफई पंथाचे मुसलमान. ओलं कुत्रं अंगाला लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज व्हायची होती, म्हणून ते जवळ आलं की मी काठी आपटून बाजूला सरकायचो.

"डोंगर चढायला आलोय की कुत्र्यापासून पळायला?" बायको हसायची.

असं सरकता सरकता मी वाट सोडली. ते ध्यानात आलं तेव्हा धुकं उतरलं होतं आणि आमची पावलं वाऱ्याने बुजली होती. फोनला रेंज नव्हती. तेवढ्यात बायकोचा पाय दगडांच्या फटीत जाऊन मुरगळला. पाऊल टेकवेना. तिचे ओठ निळे पडू लागले. कडा कुठल्या बाजूला आहे तेही मला सांगता येईना. मी कुराणातली आयतुल कुर्सी पढू लागलो आणि मध्येच विसरलो. शेवटी एवढंच म्हणालो, "या अल्ला, माझ्याच्याने होत नाही. तूच ने."

धुक्यातून कुत्रं पुढ्यात आलं. सवयीने माझी काठी उगारली गेली.

"अवो, कपडे घरी धुवा!" बायको कळवळून ओरडली. "आधी मला घरी तर पोचवा!"

मी काठी तिच्या हाती दिली, एका हाताने तिला सावरलं, दुसऱ्याने कुत्र्याच्या गळ्यातली दोरी धरली. ते चार पावलं जाई, आमच्यासाठी थांबे. एकदा मी त्याला उजवीकडे ओढलं तर ते खाली बसलं, हलेचना. मग मी ओढणं सोडलं. बऱ्याच वेळाने खालून शिट्टी ऐकू आली आणि एक सुदानी मेंढपाळ धावत वर आला. "खलास, खलास," तो बायकोला म्हणाला. झालं, आता संपलं. त्याच्या तंबूत शेकोटी होती, गरम चहा होता. कुत्रं कळप सोडून कधी जात नाही, आज का गेलं ठाऊक नाही, असं तो म्हणाला.

कुणी म्हणेल, आमच्या पिशवीतल्या मटणाच्या वासाने आलं असेल. असेलही, मी वाद घालणार नाही. हाड शाबूत आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला तिथेच रडू कोसळलं. कपडे रीतीप्रमाणे धुतले. रीत मी सोडलेली नाही. पण मदत मागताना ती कुणाच्या हातून यावी हेही मीच ठरवत असे, ते सुटलं. आता दुआत मी फक्त गरज सांगतो आणि गप्प राहतो. न्यायचं कसं, ते त्याला माहीत.